वाढत्या वयातला तीळ

मुलाच्या पाठीवरचा तीळ वर्षभरात मोठा दिसू लागला की आईबापांच्या मनात पाल चुकचुकते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात त्वचारोगतज्ज्ञ हाताशी नसतो. मग शेजारपाजारचा सल्ला येतो : चुना लावा, गळून पडेल.

तीळ म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा पुंजका. साधारण शंभरात एका बाळाला तो जन्मतःच असतो. बाकीचे बहुतेक तीळ बालपणी आणि किशोरवयात उगवतात. अंग वाढते तसे तेही वाढतात. केवळ वाढला म्हणून मुलाचा तीळ घातक ठरत नाही.

आत काय चालले आहे ते डर्मोस्कोप दाखवतो. मुठीत मावणारे हे भिंग त्वचा सुमारे दहापट मोठी दाखवते आणि तिच्यावरची चकाकी काढून टाकते. मेलॅनिन वरच्या थरात असेल तर काळे दिसते, त्याखाली तपकिरी, अधिक खोल असेल तर राखाडी किंवा निळसर. आपल्याकडच्या अनेक तान्ह्या बाळांच्या कुल्ल्यांवर दिसणारे निळे डाग अशाच खोल पेशींचे. ते बहुधा काही वर्षांत आपोआप विरतात.

मुलांच्या तिळात भिंगाखाली बहुधा गोल ठिपके दिसतात, मोठ्यांच्या तिळात जाळी. कडेने ठिपक्यांची सारखी माळ असेल तर तीळ वाढतो आहे असे समजावे. आठव्या वर्षी ते स्वाभाविक; पन्नाशीत तीच माळ दिसली तर डॉक्टर सावध होतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम येथे 2004 पासून शाळकरी मुलांच्या पाठीवरचे तीळ असेच टिपले गेले. काही वर्षांत नवे तीळ आले, काही नाहीसे झाले, पण बहुसंख्य जुन्या तिळांची ठेवण तीच राहिली. कधी तिळाभोवती पांढरे कडे उमटते. शरीराची प्रतिकारशक्तीच तिथल्या पेशी मोडीत काढत असते आणि पुढे तीळ पुसटही होतो. मात्र अंगावर कोडाचे डाग आहेत का, तेवढे पाहावे.

मुलांमध्ये तिळाचा कर्करोग अतिशय दुर्मीळ. झालाच, तर तो काळाच असेल असे नाही. झपाट्याने फुगणारी गुलाबी गाठ किंवा रक्त येणारा उंचवटा लगेच दाखवायला हवा. जन्मतःच मोठा पसरलेला तीळ सुरुवातीपासून तज्ज्ञाच्या नजरेखाली असावा.

चुन्याचा सल्ला मात्र सपशेल चुकीचा. चुन्याने कातडी भाजते, वण राहतो आणि उरलेल्या पेशींतून तीळ पुन्हा उगवतो. वणातला असा तीळ इतका वेडावाकडा दिसतो की भिंगाखाली कर्करोगाचा भास व्हावा. शिवाय तपासायला तुकडाही हाती राहत नाही.

त्यापेक्षा तिळाशेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढावा, तारीख लिहावी, काही महिन्यांनी तसाच पुन्हा काढावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी योजनाच आहे. वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. मोबाइलला जोडता येणारे डर्मोस्कोप आज बाजारात मिळतात. असे एक भिंग पथकाच्या पेटीत ठेवावे आणि शंकास्पद तिळाची चित्रे वाशीम किंवा अकोल्याच्या त्वचारोग विभागाकडे पाठवावीत. कोणाला गाडीभाडे खर्चून बोलवायचे, हे ती चित्रे पाहूनच ठरवता येईल.