न विचारता घेतलेली जागा

२ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रोचा ३२ बिटांचा 'विक्रम ३२०१' प्रोसेसर दिल्लीत पंतप्रधानांना सुपूर्द झाला, तेव्हा चर्चा झाली ती चिपची. चिपवर चालणाऱ्या आज्ञावलीकडे फारसे कोणी वळले नाही. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघून बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरील कार्यालयांत रुजू होणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचे काम मात्र हेच, आणि पहिल्या वर्षातील एक सवय त्यांच्यासोबत तिथवर जाते: 'एन' ही संख्या वाचायची आणि पुढच्याच ओळीत तेवढ्या घरांचा अ‍ॅरे मांडायचा.

सी भाषेने ही सोय १९९९ च्या प्रमाणकात दिली. तिच्यामागील यंत्रणा अगदी साधी आहे. स्टॅकचा निर्देशक तेवढ्या बाइटांनी सरकतो, एवढेच. जागा शिल्लक आहे की नाही, हे विचारण्याची तरतूदच भाषेत नाही. मॅलॉक निदान रिकामा पत्ता देऊन नकार कळवू शकतो (लिनक्सवर तोही पुष्कळदा भिडेखातर होकार देतो, ही गोष्ट निराळी). 'एन' शून्य किंवा ऋण आला, तर पुढे काय होईल याची हमी कोणीही देत नाही.

लॅपटॉप हे सारे पोटात घालतो. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी असते; चाळीस हजार पूर्णांकांचा अ‍ॅरे त्यातील जेमतेम दोन टक्के, म्हणजे १,६०,००० बाइट घेतो. सी-डॅकच्या वेगा मालिकेतील 'तेजस ३२' या चिपवर अंतर्गत स्मृतीच एकूण २५६ केबी आहे. अशा लहान चिपवर स्टॅकच्या टोकाशी बहुधा पहारेकरी नसतो. फुगलेला अ‍ॅरे शेजारच्या चलांवर निमूटपणे लिहीत जातो, आणि चूक उघडकीस येते ती भलत्याच ठिकाणी.

'आधी एन तपासा, मग खुशाल वापरा' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही. पण तो पाळल्यावर सोयीचे प्रयोजनच उरत नाही. 'एन' ६४ च्या पुढे जाणार नाही हे ठाऊक असेल, तर सरळ ६४ घरेच मांडावीत. तसाही सर्वांत वाईट प्रसंगासाठी तेवढा स्टॅक राखून ठेवावाच लागतो, मग वाचले काय? आणि कमाल मर्यादा ठाऊकच नसेल, तर तपासायचे कशाशी?

लिनक्सच्या गाभ्याने हा हिशेब २०१८ मध्ये चुकता केला. तिथे ६४ बिटांच्या इंटेल यंत्रांवर प्रत्येक कामाला अवघा १६ केबी स्टॅक मिळतो. चलदीर्घ अ‍ॅरे एकेक करून काढले गेले आणि त्या डिसेंबरमधील ४.२० आवृत्तीपासून त्यांच्याबद्दलचा इशारा संकलकात कायमचा सुरू झाला. गंमत अशी, की काही अ‍ॅरे कोणी हेतुतः लिहिलेच नव्हते. दोन स्थिरांकांतील मोठा निवडणारा मॅक्रो अशा रीतीने रचला होता, की संकलकाला ती संख्या स्थिर वाटतच नव्हती.

म्हणून ही कल्पनाच टाकाऊ ठरत नाही. द्विमिती सारणी फलनाकडे पाठवताना स्तंभसंख्या प्रकारातच सांगता येणे हा मोठा लाभ आहे. सारणीची जागा मॅलॉककडून घेतली की स्टॅकला धक्काही लागत नाही. २०११ मध्ये ऐच्छिक झालेली ही प्रकारव्यवस्था नव्या सी-२३ प्रमाणकाने पुन्हा अनिवार्य केली. स्टॅकवरचे अ‍ॅरे मात्र ऐच्छिकच ठेवले. महाविद्यालयांनी हाच भेद शिकवावा, संकलकाचा इशारा पहिल्या तासापासून चालू ठेवावा आणि निदान एक प्रात्यक्षिक लहान स्मृतीच्या बोर्डावर घ्यावे. आज प्रात्यक्षिक परीक्षेत 'एन'ची किंमत बहुधा पाचच दिली जाते.