फाट्यावरची खानेसुमारी

शहागड कागदोपत्री जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे. गोदावरीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा, गेवराई तालुका. अंबडपेक्षा गेवराई जवळ. पण तहसीलचे काम निघाले की वाडीगोद्रीला महामार्ग सोडून अंबड गाठायचे आणि कलेक्टर कचेरीचे असेल तर आणखी पुढे जालना. रेल्वेही जालन्यातच, निजामाच्या काळातली. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी आली याचा आनंद आहे, पण शहागडच्या माणसाचा प्रवास त्याने बदलत नाही. त्याचा भरवसा धुळे-सोलापूर महामार्गावरच.

हा महामार्ग पूर्वी 211 क्रमांकाचा होता, आता 52 झाला, चौपदरी झाला. ट्रक, आरामगाड्या भरधाव निघून जातात. त्यांचा वेळ वाचला, हे मान्यच. पण हातात पिशवी आणि काखेत पोर घेऊन रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभ्या असलेल्या बाईचा वेळ कोणी मोजला? जलद गाडीला थांबा नसेल तर कंडक्टर दारातूनच हात हलवतो. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. ते तिकीट फाडायला गाडी आधी थांबावी लागते. नाही थांबली तर काळी-पिवळी आहेच, माणूस कोंबून भरल्याशिवाय न हलणारी. इथल्याच अंतरवाली सराटीत सप्टेंबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि हाच रस्ता अडला, तेव्हा मुंबईला या टापूचा नकाशा उघडून पाहावा लागला. एरवी तो उघडतो कोण?

सरकार उघडते ते लोकसंख्येचे रकाने, आणि तेही 2011 चे. ग्रामपंचायतीत सदस्य 7 असावेत की 17, हे लोकसंख्येवर ठरते. पंधराव्या वित्त आयोगानेही राज्यांचा वाटा ठरवताना तीच जुनी जनगणना धरली. शहागडसारखे फाट्यावरचे गाव आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार सांभाळते, दोन जिल्ह्यांचे प्रवासी झेलते. त्यांचा कचरा, त्यांचे पाणी, त्यांची स्वच्छतागृहे, दिवाबत्ती हा सगळा भार गावावर. निधी मात्र गावात राहणाऱ्यांपुरता.

आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि प्रत्यक्ष माणसे मोजायची ती फेब्रुवारीत. खरी मेख इथे आहे. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. अंबड, घनसावंगी, गेवराईकडची कोयती तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या फडात, बिऱ्हाड पाचटाच्या कोपीत. जनगणनेचा आजवरचा शिरस्ता असा, की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे मतदार यादी इथली, रेशनकार्ड इथले, पोरांची शाळा इथली आणि डोके मात्र परजिल्ह्याच्या खात्यात. कोपीत प्रगणक पोहोचलाच नाही तर तेही नाही. गोदाकाठची गावे कागदावर लहान दिसतात, त्याला हेही एक कारण आहे. लहान दिसली की बस लहान, दवाखाना लहान.

फेब्रुवारीच बदला, असे आम्ही म्हणत नाही. देशभराचा मेळ एका तालुक्यासाठी बदलत नसतो. पण ऊसतोड टोळ्यांची नोंद मुकादमाकडे असते, कारखान्याकडे असते. साखर आयुक्तालयाने ती जनगणना यंत्रणेला द्यावी आणि प्रत्येक मजुराच्या मूळ गावाची वेगळी नोंद व्हावी. ग्रामपंचायतींना निधी वाटताना राज्याने महामार्गावरच्या फाट्यांची रोजची वर्दळ मोजून तिला वजन द्यावे. टोलनाक्यावर गाड्या मोजता येतात, तर फाट्यावर माणसेही मोजता येतील. आणि एसटीच्या जालना व बीड विभागांनी एकत्र बसून शहागडचा थांबा व वेळापत्रक ठरवावे. या शेवटच्या कामाला तर जनगणनेची वाट पाहण्याचेही कारण नाही.