विहारापुढचे अंगण आणि हरळी

विहाराच्या अंगणात हिरवळ हवी म्हणून वर्गणी काढून नर्सरीतल्या गवताच्या गाद्या आणायचे ठरले, की आम्ही आधी विचारतो, मे महिन्यात पाणी कोण घालणार? शिवाय वर "गवतावर चालू नये" अशी पाटी! मग पोरांनी खेळायचे कुठे?

त्यापेक्षा आपली हरळी बरी. कोणी हिला दूब म्हणतात. धानाच्या धुऱ्यावरून आपण ती खणून काढतो, तरी जात नाही, कारण तिचे खोड जमिनीखालीही पसरते. उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, पाऊस लागला की त्याच खोडातून फुटते. पोरे धावली, पंगती बसल्या तरी टिकते. मात्र ऊन हवेच. पिंपळाच्या दाट सावलीत ती धरत नाही.

पाऊस लागल्यावर जमीन खणून, दगड वेचून, पेरे असलेले तुकडे वीतभर अंतराने लावावेत. पहिला महिना-दीड महिना पोरांना आवरावे. हिवाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, मुळे खोल जातात. भर उन्हाळ्यात कापू नये. शेजारी भाजीचा वाफा असेल तर मध्ये फरशीचे तुकडे उभे पुरावेत, नाहीतर हरळी वाफ्यातही शिरेल.