झडतीचा अधिकार आणि उत्तराचे दायित्व

गेल्या काही वर्षांपासून माझ्या उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे. विमानतळावरील धातुशोधक चौकटीतून मी पुढे गेलो की ती वाजते, आणि मला रांगेतून बाजूला घेतले जाते. निवृत्तीनंतर नातेवाइकांच्या भेटी आणि परिसंवाद यांच्या निमित्ताने बराच प्रवास घडला आणि हा एकच सांधा मी अनेक देशांच्या तपासनिसांपुढे ठेवला. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. माणसाच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार राज्यसंस्था कशी वापरते, हे पाहायचे असेल तर विमानतळासारखी दुसरी जागा नाही. पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात कधीही न चढलेला मध्यमवर्गीय नागरिक झडतीला सामोरा जातो तो येथेच.

देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या आहेत. युरोपातील अनेक विमानतळांवर तपासणी करणारे कर्मचारी खासगी कंपन्यांचे असतात. नियम मात्र सर्व सदस्य देशांना समान आणि देखरेख सरकारची. अमेरिकेत हे काम संघराज्य सरकारची स्वतंत्र यंत्रणा करते. तेथे प्रवासी दोन्ही हात वर करून शरीर-स्कॅनरमध्ये उभा राहतो, पडद्यावर शंकेची जागा दिसली की तेवढ्याच भागाची हाताने तपासणी होते आणि आता आपण काय करणार आहोत हे कर्मचारी आधी सांगतो. इस्रायलमध्ये यंत्रापेक्षा प्रश्नांवर भर असतो: कोठून आलात, कोणाकडे उतरलात, सामान कोणी भरले. भारतात इमारतीत शिरतानाच तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते आणि पुढे गणवेशातील जवान बहुतेक प्रत्येकाची अंगझडती घेतो. स्त्रियांसाठी आपल्याकडे पडद्याआडची स्वतंत्र जागा असते. अमेरिकेत असा आडोसा मिळतो, पण तो मागावा लागतो. तेव्हा ‘तिकडे सारे उत्तम आणि इकडे सारे वाईट’ हा परतलेल्या प्रवाशांचा नेहमीचा सूर मला मान्य नाही.

या पद्धतींची मुळे प्रत्येक देशाच्या जखमांत आहेत. 30 मे 1972 रोजी लोद विमानतळावर जपानी रेड आर्मीच्या हल्लेखोरांनी 26 जणांचा बळी घेतला. इस्रायलच्या दक्षतेमागे ती आठवण आहे. 11 सप्टेंबर 2001 पर्यंत अमेरिकेत तपासणीची जबाबदारी विमान कंपन्यांची होती आणि लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत असे. त्या हल्ल्यांनंतर दोनच महिन्यांत नवी संघराज्य यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे 1985 मध्ये ‘कनिष्क’ विमानातील स्फोटात 329 जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर 1987 मध्ये नागरी विमान सुरक्षेच्या विभागाला स्वतंत्र दर्जा मिळाला. डिसेंबर 1999 मधील कंदाहार प्रकरणानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली. फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूर हे त्यातील पहिले विमानतळ ठरले. हा निर्णय योग्य होता. प्रशिक्षित, एकसंध दल आणि देशभर सारखी शिस्त ही त्याची कमाई आहे.

अडचण पुढे आहे. असे नियम रातोरात येतात, जाताना मात्र दशके घेतात. डिसेंबर 2001 मध्ये एका माणसाने बुटात स्फोटके लपवून विमानात प्रवेश मिळवला. 2006 पासून अमेरिकेत बहुतेक सर्वांना बूट काढणे सक्तीचे झाले. ही सक्ती जुलै 2025 मध्ये उठली. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला; त्यातून आलेली 100 मिलिलिटरची मर्यादा आजही जगभर बहुतेक ठिकाणी लागू आहे. आपल्याकडे हातातील पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची प्रथा होती. चिठ्ठी हरवली की प्रवासी पुन्हा रांगेत. 2017 मध्ये मोठ्या विमानतळांवरून ती हटवण्यास सुरुवात झाली आणि त्यामुळे सुरक्षा ढासळली असे कोणी म्हटले नाही.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे कारण समजते. नियम काढून टाकणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे श्रेय मिळत नाही. पण त्यानंतर काही विपरीत घडले तर दोष मात्र त्याच्या माथी येतो. म्हणून फाइलवर ‘जैसे थे’ असा शेरा पडतो. प्रवाशाला होणारा त्रास वाढला म्हणजे सुरक्षा वाढली, असे समीकरण मग रूढ होते. ते खरे नाही. 2015 मध्ये अमेरिकी अंतर्गत सुरक्षा खात्याच्या पथकांनी वेश पालटून घेतलेल्या चाचण्यांत 70 पैकी 67 वेळा निषिद्ध वस्तू तपासणीतून सुखरूप पार झाल्याचे वृत्त बाहेर आले. बूट काढून उभ्या राहिलेल्या प्रवाशांच्या रांगा तेव्हाही तेथे होत्याच. मात्र ही नामुष्की दडपून टाकता आली नाही आणि यंत्रणेच्या तत्कालीन प्रभारी प्रमुखांना पद सोडावे लागले.

माझ्या मते तुलना करायची ती येथे. चूक प्रत्येक देशात होते; प्रश्न आहे तो चूक झाल्यावर नागरिकाने कोठे जायचे, हा. जानेवारी 2005 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका मलेशियन विद्यार्थिनीला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर बेड्या घालण्यात आल्या. तिचे नाव प्रवासबंदीच्या यादीत होते. ती लढत राहिली आणि 2014 मध्ये न्यायालयासमोर सत्य प्रस्थापित झाले: एका अधिकाऱ्याने अर्जातील चौकोनांत चुकीच्या जागी खुणा केल्या होत्या. एका खुणेची दुरुस्ती व्हायला नऊ वर्षे लागली. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाही 2004 मध्ये नामसाधर्म्यामुळे वारंवार अडवण्यात आले. ही लाजिरवाणी उदाहरणे आहेत. पण त्यातूनच 2007 मध्ये तक्रार निवारणाची व्यवस्था आली, ती अपुरी आहे असे 2014 मध्ये न्यायालयाने ठरवले आणि सरकारला ती बदलावी लागली.

भारतात काय होते? ऑक्टोबर 2021 मध्ये नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी पंतप्रधानांना उद्देशून एक ध्वनिचित्रफीत प्रसृत केली. प्रत्येक प्रवासात आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, ही त्यांची व्यथा होती. सुरक्षा दलाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि कृत्रिम अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगावा असा नियम असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे नियम होता, पण पायाच्या मालकिणीला तो उपयोगी पडत नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मानवी प्रतिष्ठेसाठी अपंग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढायला लावू नये, असे नमूद केले. प्रसिद्ध व्यक्तीच्या चित्रफितीला चोवीस तासांत उत्तर मिळाले, हे चांगलेच झाले. पण ज्याच्यामागे चाहते नाहीत आणि ज्याच्या हातात सुटत चाललेल्या विमानाचे तिकीट आहे, त्याने काय करावे?

या प्रश्नाला आपल्याकडे आणखी एक पदर आहे. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांपासून राज्यपाल, मुख्यमंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, कॅबिनेट सचिव अशा अनेक पदांना तपासणीतून सूट देणारी यादी आहे. तिच्यात एका खासगी व्यक्तीचे नाव वर्षानुवर्षे होते. ते 2015 मध्ये वगळले गेले. एप्रिल 2009 मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीने माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली, तेव्हा संसदेत संताप उसळला. स्वतः कलाम यांनी तक्रार केली नव्हती. राष्ट्रप्रमुखांची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण नियम करणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे बहुतेक जण ज्या रांगेत कधी उभेच राहत नाहीत, त्या रांगेतील अपमान त्यांच्या टिपणीत कसा उतरणार?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला 1897 चा साथरोग कायदा आठवतो. प्लेगच्या काळात रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी आणि पुण्यात घरोघरची झडती सुरू झाली. साथ खरी होती, उपायांची गरजही खरी होती. पण ‘सद्हेतूने’ केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल दावा लावता येणार नाही, असे संरक्षण त्या कायद्याने अधिकाऱ्यांना दिले. लोकांच्या तक्रारींना दार उरले नाही, आणि त्या असंतोषाचा शेवट कसा झाला हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजची परिस्थिती तशी नाही. पण धडा तोच आहे. झडती लोक सहन करतात. तिच्याविरुद्ध बोलायची सोय नसणे त्यांना सहन होत नाही.

म्हणून तीन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. पहिली, तपासणीच्या प्रत्येक नियमाला ठरावीक मुदत असावी. ती संपताना तो का चालू ठेवायचा हे सुरक्षा विभागाने लेखी सांगावे. दुसरी, प्रवाशाचे हक्क तपासणीच्या जागीच, स्थानिक भाषेत लावलेले असावेत आणि तक्रारीचा निवाडा त्या दलाबाहेरच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवसांत करावा. वर्षाअखेरीस त्याचा गोषवारा संसदेपुढे यावा. तिसरी, सवलतीची यादी ज्यांना प्रत्यक्ष धोका आहे अशा मोजक्या पदांपुरती उरावी. यापैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही आणि कोणाचीही सुरक्षा कमी होत नाही. उलट, दिवसभर उभ्याने हजारो प्रवाशांची झडती घेणाऱ्या जवानालाही आपली मर्यादा स्पष्टपणे कळेल. आज प्रवाशाचा राग त्यालाच झेलावा लागतो, नियम करणाऱ्याला नाही.

माझा गुडघा पुढच्या प्रवासातही वाजेल. जवान मला बाजूला बोलावील आणि मी जाईन. त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण माझ्या मागे कृत्रिम पाय लावलेली एखादी मुलगी उभी असेल, तर तिच्याकडून काय मागता येते आणि काय मागता येत नाही, हे तिलाही ठाऊक असले पाहिजे आणि जवानालाही. आणि ती मर्यादा ओलांडली गेली, तर तिला दाद मागण्यासाठी प्रसिद्ध असण्याची गरज पडू नये.