नाथांचा जोगवा आणि आमचें नवरात्र

नवरात्र आलें कीं मीरा-भाईंदरच्या पेठांतून व वसाहतींतून देवीचे मंडप उभे राहतात. एकीकडे गरबा रंगतो, तर दुसरीकडे एकनाथमहाराजांचा जोगवा ऐकूं येतो. धारावी देवीचें ठाणें असलेल्या या शहरांत तो गाइला जावा, हें उचितच होय. परंतु नाथांनीं देवीपाशीं मागितलें काय, याचा विचार गाणारे आणि ऐकणारे कितीसा करितात?

पैठणचे एकनाथ हे सोळाव्या शतकांतील विद्वान ब्राह्मण, भागवताचे टीकाकार. अशा पुरुषानें परडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या जोगतिणीची वाणी आपल्या मुखीं घेतली, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांच्या जोगव्यांतील महिषासुर मोहाचा आहे, परडी बोधाची आहे, आणि देवीवरून ओवाळून टाकावयाचे ते मनाचे विकार आहेत. देवीस अर्पण करावयाचें तें आपल्या अंतरांतील. दुसऱ्याचा जीव अथवा दुसऱ्याचें आयुष्य नव्हे. रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवास पाजणाऱ्या नाथांची कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेचें व या जोगव्याचें मर्म एकच.

आतां आमच्या समाजाची रीत पाहा. सौदत्तीच्या यल्लम्मेच्या नांवानें अल्पवयी मुली सोडण्याची चाल दक्षिण महाराष्ट्रांत व कर्नाटकांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. केंस विंचरले नाहींत, धुतले नाहींत, म्हणजे त्यांचा गुंता होऊन जट बनते. पण तिलाच देवीचें बोलावणें समजून पोरीच्या गळ्यांत मोत्यें-दर्शनाची माळ बांधावयाची, तिचें लग्न कायमचें बंद करावयाचें, आणि हातीं परडी द्यावयाची! पुढें तिच्या वाट्यास भिक्षा येते, नाहीं तर त्याहून हीन जिणें. घरोघरीं नवसाचा पांच घरांचा जोगवा मागतात, त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. आमचें भांडण आहे तें मुलीचाच जोगवा घालण्याशीं.

मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरीही महाराष्ट्रास २००५ सालीं पुन्हां कायदा करावा लागला. एकट्या कायद्याचें बळ किती तोकडें, हें या ७१ वर्षांवरून कळून येईल. कायदा शिक्षा देईल. शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत तो कोठून पालटणार?

हा धर्मांत हस्तक्षेप होय, असें कोणी म्हणतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, जोगव्याचा अर्थ पालटणारे आम्ही पहिले नव्हेत. तें कार्य नाथांनीं चारशें वर्षांपूर्वीं करून ठेविलें. आम्ही फक्त त्यांच्या शब्दांस जागा, असें म्हणत आहों.

व्यापारी बंधूंनीं वर्गणी अवश्य द्यावी, पण तिचा कांहीं भाग अशा स्त्रियांच्या मुलींच्या शिक्षणाकडे लावावा, असा आग्रह मंडळांपाशीं धरावा. मंडपांत जोगवा गाऊन झाल्यावर त्याचा अर्थ कोणी जाणत्यानें दोन शब्दांत सांगावा. घरांत कोणाच्या डोक्यांत जट दिसलीच, तर देवऋष्याकडे न धांवतां ती कापून टाकावी. दारीं आलेल्या परडींत नाणें टाकणें सोपें आहे. ती परडी पुढल्या पिढीच्या हातीं जाऊं न देणें, ही देवीची खरी सेवा होय.