परसातली केळ : लावा, पण मुनवा पारखून



गळीत हंगाम आटोपला, खोडव्याला खते देऊन झाली, आता सर्वांचे डोळे मृगाच्या सरीकडे लागले आहेत. उसाविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. आजचा विषय मात्र एकरातला नसून परसातला आहे, आणि त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

गटात फिरताना एक गोष्ट आमच्या डोळ्यांना खुपते. ज्याचा ऊस बघायला शेजारच्या गावची माणसे येतात, त्याच्याच घरी सत्यनारायणाला केळीचे खुंट दुसऱ्याच्या दारातून मागून आणावे लागतात. पोरांना केळी येतात ती बाजारातून डझनावर. आणि मोरीचे पाणी? ते बोळातून रस्त्यावर वाहते, डास पोसते आणि शेजाऱ्याशी भांडण लावते. आमचे स्पष्ट मत असे आहे, की ज्याच्या परसात चार हात मोकळी जागा आहे त्याने केळीचे चार खुंट लावलेच पाहिजेत. पण कसे लावावेत, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो आहोत.

गेल्या वर्षी मृगात आम्हीच हौसेने पंधरा-वीस घरी मुनवे वाटले. एका बागेत फुकट मिळत होते, म्हणून ट्रॉली भरून आणले. ती बाग आम्ही बांधावरूनच पाहिली, आत शिरलो नाही. दिवाळीच्या सुमारास कुरबुर सुरू झाली. पाने अरुंद नि ताठ, शेंड्याला एकात एक कोंबल्यासारखी, कडा पिवळ्या पडलेल्या. देठावर पाहिले तर गर्द हिरव्या तुटक रेघा, तारेतल्या टिंब-रेघांसारख्या. तो पर्णगुच्छ रोग होता. एका घरची आजीबाई आम्हाला म्हणाली, "सायेब, उसाच्या बेण्याला तुमी आमाला धा प्रश्न इचारता. केळीच्या येळंला कुटं गेलं हुतं तुमचं शानपन?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

हा रोग विषाणूचा. 1940 च्या सुमारास तो सिलोनमधून केरळात आला असे मानतात. रोगट केळीचा मुनवा दिसायला चांगला असला तरी रोग बरोबर घेऊनच येतो, आणि पुढे काळपट मावा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. यावर औषध नाही. अशी केळ निसवत नाही, निसवलीच तर घडात राम नसतो. आधी मावा मारणारे औषध फवारावे, मग झाड गड्ड्यासकट खणून नष्ट करावे. फवारणी न करता झाड पाडले तर मावा उठून शेजारच्या झाडावर बसतो. "बघू, सुधारेल," म्हणून ठेवलेले एक झाड सगळी आळी बिघडवते.

म्हणून मुनवा घेताना आईकडे बघा. ती निरोगी हवी आणि तिचा घड तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला हवा. मुनवा तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड गड्ड्याचा घ्यावा. रुंद पानांचे पाणमुनवे दिसायला गोंडस, पण दुबळे, ते टाळावेत. गड्ड्याला भोके असतील तर सोंडकिडा आहे, तो मुनवा टाकून द्यावा. खात्रीच्या ठिकाणची उतिसंवर्धित रोपे मिळाली तर उत्तमच.

दीड फूट लांब, रुंद नि खोल खड्डा घ्या. त्यात चांगले कुजलेले दोन पाट्या शेणखत आणि वरची माती मिसळा. दोन खुंटांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. केळीला पाणी लागते, पण डबके सोसत नाही; तिची मुळे वरच्या थरातच असतात, ती कुजतात. अंघोळीचे पाणी आळे करून फिरवावे. धुण्याच्या सोड्याचे कडक पाणी रोज एकाच बुंध्याशी सोडू नये.

खताच्या बाबतीत आपली खोड एकच, मूठभर युरिया फेकायचा. बागेसाठी शिफारस पाहा : दर झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश. म्हणजे पालाश नत्राइतकेच! घड भरतो तो पालाशावर. परसात भरपूर शेणखत असेल तर रासायनिक खताला हात आखडता घेतला तरी चालेल, पण चुलीची राख उकिरड्यावर न टाकता केळीला द्यावी. खत हप्त्याहप्त्याने, बुंध्यापासून फूटभर लांब, मातीआड करून घालावे.

आता नाजूक मुद्दा. केळ लेकुरवाळी, तिच्या पिलांना विळा लावू नये, अशी घरोघरी समजूत आहे. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण एका आईभोवती दहा पिले ठेवली तर आईही उपाशी आणि पिलेही. उसात आपण जेठा कोंब मोडून फुटवे वाढवतो. केळीत याच्या उलट करायचे. निसवेपर्यंत पिले जमिनीलगत कापत राहावे, निसवल्यावर एक जोमदार पील राखावे. लेकुरवाळेपण त्या एकानेही टिकते.

शेवटची फणी सुटली की केळफूल काढून भाजी करावी, घडाला बांबूचा आधार द्यावा. एका बुंध्याला घड एकदाच येतो. उतरवला की बुंधा तोडून, तुकडे करून खतात घालावा. उभा कुजू दिला तर सोंडकिड्याला आयते घर मिळते.

गेल्या वर्षी आमच्यामुळे ज्या घरांचे खुंट गेले, त्यांना या मृगात प्रत्येकी दोन खात्रीची रोपे आम्ही पदरमोड करून देणार आहोत. ती जुन्या खड्ड्यात न लावता जागा बदलून लावावीत. इतरांना विनंती एवढीच, की मुनवा कोणीही देवो, अगदी आम्ही दिला तरी, आधी विचारा, "याची आई दाखवा." उसाच्या बेण्याला जो नियम, तोच केळीला.

— ऊस विकास अधिकारी