अंक आणि नाद
संगणकास स्टुडिओचे स्पीकर जोडूं इच्छिणाऱ्या वाचकांस आम्ही एक भेद सांगूं इच्छितों. संगणकाच्या डिजिटल आउटपुटमधून नाद बाहेर पडत नाहीं. बाहेर पडतात ते केवळ अंक. तोशिबानें १९८३ सालीं आणलेल्या टॉसलिंक पद्धतींत ते तांबड्या प्रकाशाच्या रूपानें तंतूंतून जातात. बहुतेक स्पीकरांस, वर्धक पोटांत असूनही, विजेच्या लहरी तेवढ्या कळतात. यास्तव मध्यें ‘डॅक’ नांवाचा दुभाषी हवा. केवळ टोंक बदलणारा जोड घेणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय. कोअॅक्सियल डिजिटल सॉकेट साध्या आरसीए सॉकेटासारखेंच दिसतें; तेव्हां तार बसली म्हणजे काम झालें, असें मानूं नये. कांहीं स्पीकरांस डिजिटल इनपुटही असतें. म्हणून खरेदीपूर्वीं पाठीमागील अक्षरें वाचावीं.

आणखी एक. कित्येक डॅकांस आवाजाची कळ नसते आणि संगणकाची कळही डिजिटल आउटपुटवर पुष्कळदां चालत नाहीं. म्हणून स्पीकरांचा आवाज प्रथम अगदीं कमी ठेवावा; स्पीकर सर्वांच्या शेवटीं सुरू करावे व सर्वांच्या आधीं बंद करावे. एकत्र कुटुंबांत तान्ह्या बाळाचे व वृद्धांचे कान एकाच छपराखालीं असतात, हें विसरूं नये.